गाडी तापली की गावोगावी पाणी भरत गेली, १८८८ सालची बर्था बेंझची ती ट्रिप आजही कामाची आहे

मे महिना. दुपारचे दोन वाजलेत. दर्यापूरहून अमरावतीला निघालेली एक जुनी कार. एसी फुल्ल आणि बाहेर ४५ अंश. अर्ध्या वाटेत टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागतो, मग लाल दिवा लागतो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येते. गाडी बाजूला घेऊन, जरा थंड झाल्यावर बॉनेट उघडलं तर कूलंटची ती पांढरी प्लास्टिकची टाकी तळापर्यंत रिकामी. खाली डांबरावर हिरवट पाण्याचं थारोळं.

अशा वेळी आपल्याकडे काय होतं? रसवंतीवाला मगभर पाणी आणून देतो. नाहीतर शेतातली मोटर चालू असेल तर तिथून कॅन भरून आणली जाते. टाकी भरली की गाडी निघाली. दहा-पंधरा किलोमीटरवर परत तेच.

यात एक मोठी अडचण आहे. दर्यापूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचा भाग. इथलं जमिनीखालचं पाणी खारट. जे पाणी माणसाला पिववत नाही, पिकाला सोसवत नाही, ते गाडीच्या इंजिनाला कसं सोसणार? त्यातल्या क्षारांचा रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये थर बसतो, अॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणजे आज गाडी पुढे गेली तरी पुढच्या मोठ्या खर्चाची सोय तिथेच झालेली असते.

पण थांबत थांबत, मिळेल तिथे पाणी भरत गाडी पुढे नेणं ही काही आजची गोष्ट नाही. जगातली पहिली लांब पल्ल्याची कार ट्रिप अशीच झाली होती. ती करणारी एक बाई होती. सोबत तिची दोन पोरं होती आणि नवऱ्याला तिने निघताना काही सांगितलेलंही नव्हतं.

तिचं नाव बर्था बेंझ. हो, मर्सिडीज-बेंझमधलं बेंझ ते हेच.

मुलगी झाली म्हणून हळहळ

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा. गाव जर्मनीतलं फोर्ट्सहाइम. वडील सुतारकामातून वर आलेले बांधकाम व्यावसायिक, घरात पैसा बऱ्यापैकी. पण कुटुंबाच्या बायबलमध्ये तिच्या जन्माची नोंद करताना, दुर्दैवाने परत मुलगीच झाली अशा अर्थाचा शेरा मारला गेला. पुढे ही नोंद बर्थाच्या वाचनात आली आणि ती तिला चांगलीच लागली असं सांगितलं जातं.

त्या काळी मुलींनी शाळा शिकावी ती घर सांभाळण्यापुरती. विद्यापीठाचे दरवाजे त्यांना बंदच होते. बर्थाला मात्र यंत्र कसं चालतं यात रस होता.

१८६९ साली एका सहलीत तिची ओळख कार्ल बेंझ नावाच्या तरुणाशी झाली. कार्लचे वडील रेल्वे इंजिनाचे ड्रायव्हर. तो दोन वर्षांचा असतानाच ते वारले आणि आईने कष्टाने त्याला इंजिनिअर केलं. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची हे एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं. खिशात मात्र काही नव्हतं.

बर्थाला माणूसही आवडला आणि त्याचं खूळही.

लग्नाआधीच हुंडा वर्कशॉपमध्ये

कार्लने १८७१ मध्ये मानहाइम शहरात एका भागीदारासोबत छोटं वर्कशॉप काढलं. पण भागीदाराशी पटेना. वर्कशॉप हातचं जायची वेळ आली. तेव्हा बर्थाने घरच्यांकडून आपल्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम आधीच मागून घेतली. त्या पैशातून भागीदाराला त्याचा हिस्सा देऊन मोकळं केलं आणि वर्कशॉप वाचलं.

लक्षात घ्या, अजून लग्न झालेलं नव्हतं. एकदा लग्न झालं की त्या काळातल्या कायद्यानुसार बायकोच्या पैशावर नवऱ्याचा ताबा. त्यामुळे बर्थाने तिचा पैसा स्वतःच्या मर्जीने कुठे घातला असेल तर तो इथे, लग्नाच्या आधी. आजच्या भाषेत बोलायचं तर ती या कंपनीची पहिली गुंतवणूकदार.

२० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं. पुढची काही वर्षं ओढाताणीची होती. पोरं लहान, कर्ज मोठं. १८७७ मध्ये तर वर्कशॉपवर जप्तीची पाळी आली. सावकार दारात आणि नवरा इंजिनात डोकं घालून बसलेला, असा तो संसार होता.

१८७९ ची ३१ डिसेंबरची रात्र. बरेच दिवस खटपट करूनही नवं टू-स्ट्रोक इंजिन नीट चालत नव्हतं. रात्रीचं जेवण झाल्यावर बर्थानेच कार्लला परत एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन बघू म्हणून उठवलं. दोघं गेले, इंजिन फिरवलं आणि ते चालू झालं. शहरात नव्या वर्षाच्या घंटा वाजत होत्या तेव्हा हे नवरा-बायको त्या इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते.

१८८३ मध्ये बेंझ आणि कंपनी सुरू झाली आणि २९ जानेवारी १८८६ ला कार्लने आपल्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंटचा नंबर ३७४३५. तीन चाकं, एक सिलेंडर, पाऊण हॉर्सपॉवर आणि वेग तासाला साधारण १६ किलोमीटर. हेच आज कारचं जन्मप्रमाणपत्र मानलं जातं.

पेटंटवर बर्थाचं नाव नव्हतं.

या गाडीत रेडिएटर नव्हता, नुसतं भांडं होतं

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. इंजिन थंड कसं राहायचं?

इंजिनात इंधन जळतं आणि त्या उष्णतेचा फक्त काही भाग गाडी पळवायच्या कामी येतो. उरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर धातू फुगतो, पिस्टन अडकतो आणि इंजिन जाम होतं. आज ते काम रेडिएटर, पंप, फॅन आणि कूलंट मिळून करतात.

बेंझच्या पहिल्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. सिलेंडरभोवती पाणी आणि वर पाण्याचं भांडं, संपला विषय. इंजिन तापलं की पाणी उकळायचं आणि वाफ हवेत जायची. पाणी साधारण १०० अंशांना उकळतं आणि उकळत असेपर्यंत त्याचं तापमान त्याच्या वर जात नाही. म्हणजे भांड्यात पाणी आहे तोवर इंजिन वाचलं. चुलीवरच्या पातेल्याचं असंच असतं, पाणी आहे तोवर पातेलं जळत नाही.

पण पाणी संपलं की खेळ खलास.

दर्यापूरच्या जुन्या लोकांना हा प्रकार वेगळ्या रूपात माहीत आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी शकुंतला रेल्वे दर्यापूरला लागून असलेल्या बनोसा स्टेशनवर थांबायची. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालायची आणि वाफेचं इंजिन म्हटलं की त्याला पाणी पाजत राहायला लागायचं. फरक एवढाच की शकुंतलेच्या इंजिनात वाफ हीच ताकद होती. बेंझच्या गाडीत मात्र वाफ म्हणजे वाया गेलेलं पाणी.

रेल्वेसाठी ठरलेल्या स्टेशनवर पाण्याची सोय असते. रस्त्यावर निघालेल्या पहिल्या कारसाठी ती कोण करणार?

नवरा झोपलेला आणि गाडी रस्त्यावर

१८८८ साल उजाडलं तरी गाडी विकत घ्यायला फारसं कोणी पुढे येत नव्हतं. लोक गंमत म्हणून बघायचे, काही घाबरायचे. शहरात दोन-चार चकरा मारणारं हे धूड लांबच्या प्रवासाला चालेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. कार्ल हुशार होता पण विकायच्या बाबतीत कच्चा. अजून थोडं सुधारतो, मग बघू, असा त्याचा स्वभाव.

बर्थाने ओळखलं की सुधारणा पुरे, आता लोकांना गाडी चालताना दिसली पाहिजे.

१८८८ चा ऑगस्ट महिना. पोरांना शाळेच्या सुट्ट्या लागलेल्या. एका पहाटे बर्था, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड, या तिघांनी मिळून वर्कशॉपमधून गाडी बाहेर काढली. कार्ल झोपला होता. ठरवलं होतं माहेरी जायचं, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला. त्यांनी घेतलेल्या रस्त्याने हे अंतर साधारण १०५ किलोमीटर.

दर्यापूरहून अमरावतीला जाऊन परत यायचं तर जवळपास एवढंच होतं. आज आपण हे अंतर आरामात कापतो. पण तेव्हा कोणीही कारने एवढ्या लांब गेलेलं नव्हतं. रस्ते बैलगाड्या आणि घोडागाड्यांचे. पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, मिस्त्री नाही. गाडीत काय बिघडू शकतं याची यादीसुद्धा कोणाकडे नव्हती, कारण ती यादी बनायला सुरुवात याच ट्रिपमध्ये होणार होती.

वाटेत काय काय बिघडलं?

सगळ्यात आधी पाणी. भांड्यातलं पाणी सतत उडून जात होतं. त्यामुळे विहीर दिसली की थांबा, खानावळ दिसली की थांबा, ओढा दिसला की थांबा. दोन्ही पोरं पळत जाऊन पाणी आणायची आणि गाडी पुढे निघायची. त्या अख्ख्या दिवसात सगळ्यात जास्त वेळा केलेलं काम कोणतं असेल तर हेच.

मग इंधन संपत आलं. ही गाडी लिग्रोइन नावाच्या द्रवावर चालायची. तेव्हा लोक ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे आणि ते मिळायचं औषधांच्या दुकानात. वीसलोख नावाच्या गावात बर्थाने औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि लिग्रोइन विकत घेतलं. त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखतात.

मधेच इंधनाची नळी चोंदली. बर्थाने डोक्यावरच्या टोपीला लावायची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. पुढे इग्निशनच्या वायरवरचं आवरण झिजलं. तिने मोजे वर धरून ठेवणारा गार्टरचा पट्टा काढून तिथे गुंडाळला. चेन सैल पडली तेव्हा ब्रुखझालच्या लोहाराकडून ती नीट करून घेतली.

चढ आला की गाडीचा दम निघायचा. मग पोरं उतरून ढकलायची. उतारावर वेगळीच भीती. ब्रेक म्हणजे चाकावर घासणारे लाकडाचे ठोकळे. ते झिजत चालले होते. बाउश्लॉट गावात तिने चांभाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथून झाली असं मानतात.

दिवस मावळल्यावर तिघं धुळीने माखून फोर्ट्सहाइमला पोहोचले. बर्थाने कार्लला तार करून पोहोचल्याचं कळवलं. काही दिवसांनी वेगळ्या रस्त्याने तीच गाडी चालवत ती परतही आली.

जुगाड वाटेपुरता, घरी आल्यावर पक्कं काम

बर्थाची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा टोपीची पिन आणि गार्टर यावरच थांबतात. काय भारी जुगाड केला, संपलं. पण खरा मुद्दा त्याच्या पुढे आहे.

घरी आल्यावर तिने काय बिघडलं, कुठे बिघडलं, कशाने भागवलं हे सगळं कार्लच्या कानावर घातलं. चढावर दम लागतो म्हणून गाडीला आणखी एक हलका गिअर बसवला गेला. ब्रेकवरचं चामडं ही चांभाराकडची तात्पुरती दुरुस्ती न राहता गाडीचा भाग झाली. म्हणजे वाटेतला जुगाड हा घरापर्यंत पोहोचायला होता. त्यावरच गाडी कायमची चालवायची असं तिच्या डोक्यात नव्हतं.

याचा फायदा लगेच दिसला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत धंदा इतका वाढला की १८९९ मध्ये बेंझ कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी कार कंपनी होती.

मग ते पाण्याचं भांडं कुठे गेलं?

सतत पाणी भरत बसायची कटकट मिटायला आणखी काही वर्षं गेली. त्यासाठी उकळून उडून जाणारं पाणी परत वापरायला हवं होतं, म्हणजे ते फिरवून, थंड करून पुन्हा इंजिनाकडे पाठवायला हवं होतं. १९०० च्या शेवटी बेंझच्या प्रतिस्पर्धी कंपनीत, डायमलरमध्ये, विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर गाडीला बसवला. त्यात आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या होत्या. या नळ्यांतून हवा जायची आणि भोवतालचं पाणी झटपट थंड व्हायचं. गाडीला लागणारं पाणी एकदम कमी झालं. ज्या गाडीत हा रेडिएटर होता तिचं नाव मर्सिडीज.

पुढे एक गोष्ट लक्षात आली की पाणी बंद जागेत दाबाखाली ठेवलं तर ते १०० अंशांनाही उकळत नाही. प्रेशर कुकरचं तत्त्व. त्यात ग्लायकॉल मिसळलं की उत्कलन बिंदू आणखी वर जातो. पाणी आणि ग्लायकॉल अर्धं-अर्धं घेतलं तर ते मिश्रण साध्या दाबालाही १०७ अंशांच्या आसपास उकळतं. गंज रोखणारी रसायनं त्यात घातली की झालं कूलंट.

पण गरम झालं की कूलंट फुगतं. त्या फुगलेल्या कूलंटला जायला जागा हवी आणि थंड झाल्यावर ते परत यायला हवं. त्यासाठी बॉनेटखाली एक प्लास्टिकची टाकी असते. बर्थाच्या गाडीवर जे उघडं भांडं होतं, त्याची ही बंद झाकणाची वारसदार म्हणायला हरकत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये या टाकीतही दाब असतो. म्हणून तिला बारीक चीर जरी गेली तरी दोन नुकसानं होतात. एक, कूलंट कमी होतं. दोन, दाब टिकत नाही आणि उरलेलं कूलंट लवकर उकळतं. वऱ्हाडातल्या उन्हात तर हे काही मिनिटांत होतं.

तुमच्या गाडीची टाकी गळत असेल तर?

बर्थाचा नियम इथे लावायचा. वाटेत वेगळं काम, घरी पोहोचल्यावर वेगळं.

वाटेत असाल तर :

- काटा वर गेला की एसी बंद करा, गाडी सावलीत घ्या, इंजिन बंद करा. किमान अर्धा तास थांबा.
- गरम असताना टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट तोंडावर आणि हातावर उडतं.
- तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो.
- शक्यतो कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर घाला. उन्हाळ्यात एक कॅन डिकीत ठेवायला काय जातं? तेही नसेल तर प्यायचं आरओचं पाणी बोअरच्या खाऱ्या पाण्यापेक्षा बरं.
- खारं पाणी घालण्यावाचून पर्यायच नव्हता, असं झालं तर गाव गाठल्याबरोबर सगळं पाणी काढून कूलिंग सिस्टीम साफ करून घ्या.
- चीर बुजवायला एम-सील लावलं तर ते गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतं धरा. या टाक्यांच्या प्लास्टिकवर चिकटवलेलं काही नीट धरत नाही आणि उष्णता व दाबाने ते सुटतं.

गॅरेजमध्ये पोहोचलात तर :

- आधी गळती नक्की कुठे आहे ते बघायला सांगा. कधी टाकी चांगली असते आणि झाकणाचं रबर गेलेलं असतं, कधी होज पाइपची क्लिप सैल असते. टाकीच्या जोडावर किंवा तोंडाजवळ वाळलेले पांढरे-हिरवे ओघळ दिसले तर चोर सापडला.
- बाहेर कुठेच थेंब नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. तो आजार मोठा आहे.
- टाकी पिवळी पडून कडक झाली असेल तर चिकटवण्यात अर्थ नाही, बदलाच. सोबत झाकणही नवं घ्या, तुमच्या गाडीला सांगितलेल्या दाबाचंच.
- कूलंट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रकाराचं घाला. वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ करू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच मिसळा.
- नवी टाकी बसवल्यावर आतली हवा काढायला लागते. हीटर चालू ठेवून, फॅन फिरेपर्यंत इंजिन चालवतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी मिनिमम आणि मॅक्सिममच्या मधे आहे ना ते बघा. दोन-तीन दिवसांनी परत एकदा बघा.

आणि एक, काढलेलं कूलंट रस्त्याच्या कडेला ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात फिरणारी कुत्री आणि गुरं ते पितात.

बर्थाचं पुढे काय झालं?

१९०३ मध्ये कंपनीतल्या वादांमुळे कार्ल रोजच्या कारभारातून बाहेर पडला. १९०६ मध्ये लाडेनबुर्ग या छोट्या गावात त्याने मुलांच्या नावाने वेगळा कारखाना काढला. तेच बर्थाचं शेवटपर्यंतचं गाव. १९२५ मध्ये कार्लच्या आठवणींचं पुस्तक आलं. आपली नाव बुडायच्या बेतात असताना सोबत एकच माणूस टिकून राहिलं आणि ते म्हणजे बायको, असं त्याने त्यात मोकळेपणाने मान्य केलं. १९२६ मध्ये बेंझ आणि डायमलर या दोन कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ ला कार्ल गेला.

बर्था त्यानंतर आणखी १५ वर्षं जगली. तिच्या नावावर पेटंट नव्हतं. तिचा पैसा कंपनीच्या पायात होता, तिचा शहाणपणा गाडीच्या ब्रेकमध्ये आणि गिअरमध्ये होता, पण कागदावर ती कुठेच नव्हती.

३ मे १९४४ ला तिला ९५ वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी कार्लस्रूहच्या तांत्रिक विद्यापीठाने तिला मानद सिनेटर हा सन्मान दिला. ज्या काळात ती शिकायच्या वयाची होती तेव्हा मुलगी म्हणून तिला विद्यापीठात पाऊल ठेवता आलं नसतं. सन्मान मिळाला आणि दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, लाडेनबुर्गच्या घरी तिचं निधन झालं.

२००८ मध्ये जर्मनीत तिने पार केलेल्या रस्त्याला बर्था बेंझ स्मृती मार्ग म्हणून मान्यता मिळाली. आज त्या रस्त्यावर ठिकठिकाणी तिच्या नावाच्या पाट्या आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. कार्लचं नाव तिथे १९८४ मध्येच लागलं होतं. बायकोचा नंबर यायला आणखी ३२ वर्षं लागली.

त्यामुळे पुढच्या वेळी दर्यापूर-अमरावती रोडवर काटा लाल रेषेकडे सरकला, तर गाडी बाजूला घ्या, झाकणाला हात न लावता अर्धा तास थांबा आणि सोबत बसलेल्यांना ही बर्थाची गोष्ट सांगा. वाटेपुरता जुगाड तिनेही केला होता. फक्त घरी पोहोचल्यावर ती त्या जुगाडावर थांबली नाही. तुम्हीही एम-सीलवर थांबू नका, टाकी बदलून घ्या.